उंचीचा रकाना

नोंदवहीत पहिला रकाना तारखेचा,
दुसरा उंचीचा,
तिसऱ्यात किडा. नाव माहीत असेल तर नाव,
नसेल तर नुसता आकडा आणि एक ठिपका.

मुलुंड पश्चिमेला, जिथे जंगलाची भिंत संपते
आणि तिला टेकूनच टॉवरची सुरू होते,
तिथला एक कुसुंब आम्ही धरला आहे.
पायाशी जमिनीत पुरलेले दह्याचे सहा डबे,
दीड मीटरवर एक बाटली, सातवर दुसरी,
आणि शेंड्यात, सोळा मीटरवर, तिसरी.
आमिष एकच: सडकी केळी, गूळ, थोडी ताडी.
ताडी लाडक्या वरठा आणतो. हिशेबात ती 'किरकोळ'.

चढतोही तोच.
मी खाली दोरीचं टोक धरून
मान मागे टाकून विचारते, दिसतंय का काही?
वरून उत्तर येत नाही, सालीचा चुरा येतो.

मॅडमनी दिलेला निबंध थंड मुलखातला.
तिथली झाडं हिवाळ्यात उघडी पडतात,
जमिनीवरचे किडे वेगळे, बुंध्यावरचे वेगळे,
शेंड्यातल्यांचं तर सगळंच निराळं,
मधे जणू कुणी पट्टी धरून रेघ मारलेली.
लाडक्याला तो तक्ता दाखवला.
म्हणाला, रेघ बरोबर आहे,
पण मुंगळ्याला विचारलं का?

डब्यांत सापडतात ते अंधाराला सरावलेले:
शेणकिडे, एका पायाने अधू रातकिडा,
पाचोळ्याच्या रंगाचं झुरळ,
घरातल्यापेक्षा कितीतरी सभ्य.
सातवर ओंबील, पानं शिवून बसलेली,
बाटलीकडे ढुंकूनही न बघता
लाडक्याचं मनगट चावणारी.
आणि वरची बाटली मी उजेडात धरते तेव्हा
हिरवा भुंगेरा काचेवर नाण्यासारखा वाजतो.
त्याच्याखाली, केळ्यात पंख माखलेला,
एक करडा पतंग. पंखावर डोळा,
डोळ्याला पिवळं कडं.
सोळा मीटर. फक्त सोळा. खाली कधीच नाही.
तीन महिने मी हीच ओळ लिहितेय.

दिवाळीनंतरच्या सोमवारी लाडक्या उशिरा आला.
खिशातून चार काडेपेट्या काढल्या,
प्रत्येकीला दोरा, दोऱ्याला गाठी.
"चार दिवस तिकडं काचा पुसतो ना मी,"
हनुवटीने टॉवर दाखवला,
"गच्चीवरून दोरीनं खाली.
लिहायला हात मोकळा नसतो.
एक मजला, एक गाठ."

मी नखाने गाठी मोजल्या.
पाच: ओंबील. एकटीच.
अकरा: कुंभारीण माशीचं मडकं,
एसीच्या नळीवरून अख्खं खरवडलेलं,
आत कुणाच्या तरी सुन्न अळ्या रचून ठेवलेल्या.
एकोणीस: रिकामी.
"तिथं दर पंधरवड्याला औषध मारतात.
काही नाही तर काही नाही, पण पेटी आणली."
सव्वीस.
पेटी उघडली. बंद केली. परत उघडली.
करडे पंख. डोळा.
पिवळं कडं, ओल्या फडक्याने जरा पुसलेलं.

"रात्रभर दिवे चालू असतात वर.
उजाडलं तरी काचेला धरून बसतात.
हाकलायला जीव होत नाही, पण सुपरवायझर खालून बघतो."

सव्वीस मजले म्हणजे किती मीटर?
तीनने गुणलं, मग पार्किंगचे मजले आठवले,
ते गाठींत धरलेत की नाही
हे विचारायचं राहून गेलं.
एवढ्या उंचीवरून आपला कुसुंब
कुंडीतल्या तुळशीएवढा दिसत असेल.
तिथून याला काय वाटलं असेल,
आणखी एक शेंडा?

मॅडम म्हणतात, काडेपेटी पद्धतीत बसत नाही.
खरंय.
त्या दिवशीची ओळ अजून अर्धी आहे,
तारीख आहे, ठिपका आहे,
मधला रकाना कोरा.

आत्ता लाडक्या पुन्हा चढतोय, केळी बदलायला.
त्याच्या पोटरीवरून एक मुंगळा
त्याच्या आधी पोचायच्या घाईत.
दीड गेलं. सात गेलं.
मी दोरी ढिली सोडतेय.